घर मालकाचे, उंबरठा कोणाचा?



नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट आहे. तालुक्याच्या गावी मला प्राध्यापकाची जागा मिळाली आणि आम्ही उभयतांनी एका जुन्या कौलारू घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. घरमालक वयस्कर, स्वभावाने सज्जन. भाडे बेताचे. श्रावणातल्या एका दुपारी आम्ही बाजारातून परत आलो, तो दाराचे कुलूप काढलेले. आत घरमालक उभे, आणि शिडीवर एक माणूस कौले सारखी करतो आहे. माझी पुस्तकांची पेटी खोलीच्या मधोमध ओढलेली. पत्नीने आत दोरीवर वाळत घातलेले कपडे कोणीतरी गोळा करून खाटेवर टाकलेले.

मी म्हणालो, "काका, आधी सांगायचं तरी."

ते मनापासून चकित झाले. म्हणाले, "अहो सर, माझंच घर. मी विचारू कुणाला? गळत होतं म्हणून माणूस आणला."

गळती थांबली, ही गोष्ट खरी. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हेही खरे. पण त्या रात्री पत्नी मला म्हणाली, "पाणी थांबलं ते चांगलंच झालं. पण उद्यापासून घरातून निघताना घर कुणासाठी आवरून ठेवायचं? आपल्यासाठी की त्यांच्यासाठी?"

या प्रश्नाला मला तेव्हा उत्तर देता आले नाही. इतिहास हा माझा विषय. म्हणून मी उत्तर इतिहासात शोधू लागलो. जे सापडले ते आज आपल्यापुढे ठेवतो. आपल्यापैकी पुष्कळ जण शिक्षक आहेत. बदलीच्या गावी भाड्याच्या खोलीत राहणे आपल्याला नवे नाही. आणि गावाकडे ज्यांची स्वतःची घरे आहेत, त्यांनीही एखादी खोली शिक्षकाला, ग्रामसेवकाला, परिचारिकेला दिलेली असते. तेव्हा हा प्रश्न दोन्ही बाजूंनी आपलाच आहे.

सापडलेली गोष्ट थोडक्यात अशी. मालकाने आपली मालमत्ता पाहण्याचा हक्क फार जुना आहे. पण पाहायला येण्याआधी सांगण्याचे कर्तव्य मात्र कायद्यात फार उशिरा आले.

आधी शेतापासून सुरुवात करू. कोकणात खोतीची पद्धत होती. पीक उभे राहिले, की खोत किंवा त्याचा माणूस शेतावर येऊन किती भात निघेल याचा अंदाज बांधी. याला अभावणी म्हणत. त्या अंदाजावरून खोताचा हिस्सा ठरे. कुठे निम्मा, त्याला अर्धेल म्हणायचे. कुठे तिसरा, त्याला तिर्धेल. आता पाहा, ही पाहणी म्हणजे नुसते पाहणे नव्हते. कुळाच्या घरी वर्षाला किती दाणे राहायचे ते त्या पाहणीवर ठरे. पाहणारा बलवान आणि ज्याचे पाहिले जाते तो दुबळा, असा हा संबंध. खोती नष्ट करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधानसभेत विधेयक मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली. त्याआधी १९४८ च्या कूळकायद्याने आणखी एक महत्त्वाची गोष्ट केली होती. मालकाच्या जागेवर कुळाने स्वतःच्या खर्चाने घर बांधले असेल, तर त्या घरातून त्याला सहजासहजी काढता येणार नाही, असे त्यात ठरले. शेतीचा प्रश्न मुख्य होता, तरी कायदा कुळाच्या चुलीपर्यंत पोहोचला होता.

आता घराकडे वळू. जुन्या वाड्यांत मालक आणि बिऱ्हाडकरू एकाच चौकात नांदत. नळ एक, विहीर एक, संडास एक. कोण कधी आले, कोणाकडे पाहुणे किती दिवस राहिले, पाणी किती सांडले, हे मालकीणबाईंना ओसरीवर बसल्या बसल्या दिसे. तेथे वेगळ्या पाहणीची गरजच काय? पुष्कळ ठिकाणी संबंध घरोब्याचे असत. अडीअडचणीला मालकच धावून येई. पण घरोबा हा स्वभावावर अवलंबून. स्वभाव बिघडला, की बिऱ्हाडकरूला धरायला काही आधार नसे.

लेखी कायदा काय म्हणत होता? इंग्रजी अमलातले दोन कायदे येथे पाहावे लागतात.

पहिला म्हणजे १८६० चा भारतीय दंड संहितेचा कायदा. त्यात घरात बेकायदा शिरण्याचा गुन्हा सांगितला आहे. गंमत अशी, की त्यात 'मालकी' हा शब्द महत्त्वाचा नाही, 'ताबा' महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत गुन्हा करण्याच्या, धाक घालण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरणे, हा तो गुन्हा. म्हणजे भाड्याने दिलेल्या घरात दमदाटी करायला शिरलेला माणूस 'मी मालक आहे' एवढे सांगून सुटत नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तरी हे तत्त्व तसेच राहिले आहे. पण लक्षात घ्या, येथे वाईट हेतू असावा लागतो. माझ्या घरमालकांसारखा भल्या हेतूने आलेला माणूस या कलमात बसत नाही, आणि बसू नयेही.

दुसरा कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा. तो १ जुलै १८८२ पासून अमलात आला, पण आपल्या मुंबई इलाख्याला लगेच लागू झाला नाही. तो येथे आला १ जानेवारी १८९३ रोजी. या कायद्याच्या १०८ व्या कलमात मालक आणि भाडेकरू यांचे हक्क व कर्तव्ये क्रमाने मांडली आहेत. त्यात दोन वाक्ये आपल्या कामाची आहेत. एक असे, की भाडेकरू भाडे देत असेल आणि करार पाळत असेल, तर ठरलेल्या मुदतीत त्याला कोणत्याही व्यत्ययावाचून जागा वापरता आली पाहिजे. मालकाने तसे वचन दिले आहे असेच कायदा धरून चालतो, मग ते तोंडाने दिलेले असो वा नसो. दुसरे वाक्य असे, की भाडेकरूने मालकाला आणि त्याच्या माणसांना योग्य वेळी आत येऊन जागेची स्थिती पाहू दिली पाहिजे.

ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचा. एक म्हणते, त्याला सुखाने राहू द्या. दुसरे म्हणते, मालकाला पाहू द्या. दोन्ही रास्त आहेत. घराची भिंत फुगली, वासा कुजला, तर ते मालकाला कळायला नको का? पण या दोहोंना जोडणारी कडी तेथे नाही. 'योग्य वेळी' एवढेच म्हटले आहे. आधी कळवावे असे म्हटलेले नाही. सूचनेचा उल्लेख आहे, बरं का, पण तो पाहणीनंतरचा! मालकाने यावे, पाहावे, दोष दिसला तर तशी सूचना द्यावी, आणि तो दोष भाडेकरूच्या हातून झालेला असेल तर त्याने तो तीन महिन्यांत दुरुस्त करावा. सूचना आहे ती भाडेकरूने काय करावे याची. मालक येणार आहे याची नाही.

अशी उणीव का राहिली असावी? माझ्या मते याचे उत्तर त्याच कायद्याच्या १०६ व्या कलमात आहे. महिन्याच्या भाड्याने दिलेली जागा पंधरा दिवसांच्या नोटिशीने सोडायला लावता येत असे. ज्याला पंधरा दिवसांत रस्त्यावर आणता येते, तो 'आधी सांगून या' असे कोणत्या तोंडाने म्हणणार? दार वाजवून आत येण्याची अपेक्षा करायची, तर त्या दारामागे उद्याही आपण असू याची थोडी तरी खात्री लागते. स्थैर्य आधी येते, मान नंतर येतो.

न सांगता घरात शिरणे माणसाला किती झोंबते, याचा दाखला आपल्या प्रांताला त्याच सुमारास मिळाला. त्या वेळी शिरणारा घरमालक नव्हता, सरकार होते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. पुढे तो पुण्यात पसरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या हाताखाली घरांची झडती सुरू झाली. गोरे सोजीर माजघरात, देवघरात, स्वयंपाकघरात शिरले. रोग खरा होता, रोगी शोधणेही आवश्यक होते. पण ज्या रीतीने ते झाले त्याने शहर पेटून उठले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या हत्येची चर्चा हा आजचा विषय नाही. एवढेच ध्यानात घ्यावे, की चांगले कारण असले म्हणून उंबरठा ओलांडण्याची कोणतीही रीत चालते, असे नाही. कारण वेगळे आणि रीत वेगळी.

भाडेकरूला स्थैर्य मिळाले ते महायुद्धांच्या निमित्ताने. पहिल्या महायुद्धात मुंबईत माणसांची गर्दी वाढली, घरे तितकी वाढली नाहीत, भाडी भडकली. तेव्हा १९१८ साली मुंबई सरकारने भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा केला. दुसरे महायुद्ध सुरू झाले त्या १९३९ साली आणखी एक झाला. आणि १९४७ साली तो सुप्रसिद्ध मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. या कायद्याने भाड्याला मर्यादा घातली आणि कोणत्या कारणांसाठी भाडेकरूला काढता येईल त्यांची यादीच करून टाकली. भाड्याची पावती देणे मालकावर बंधनकारक झाले. पाणी, दिवा यांसारख्या आवश्यक सोयी तोडण्यास बंदी झाली. या कायद्याचे दुष्परिणामही झाले, ते लपवू नयेत. भाडी वर्षानुवर्षे गोठली, मालकांनी दुरुस्तीकडे पाठ फिरवली, पागडीचा व्यवहार बोकाळला. तरी एक गोष्ट घडली. भाडेकरू मालकासमोर ताठ मानेने उभा राहू लागला.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, पण घरभाड्याचे कायदे तीन राहिले. पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत १९४७ चा. विदर्भात मध्यप्रांत व वऱ्हाडचा १९४९ चा आदेश. मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. हे तिन्ही मोडून एक करायला पुढे जवळजवळ चाळीस वर्षे लागली. तो एकत्रित कायदा म्हणजे महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला.

या अधिनियमाचे २८ वे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. त्याचा अर्थ असा: भाडेकरूला, परवानाधारकाला किंवा प्रत्यक्ष राहणाऱ्याला पूर्वसूचना देऊन, योग्य वेळी जागेची पाहणी करण्याचा मालकाला हक्क राहील.

'योग्य वेळी' हे शब्द १८८२ चेच. नवे काय ते 'पूर्वसूचना देऊन'. एवढे दोन शब्द यायला ११७ वर्षे लागली! हक्क मालकाचाच राहिला, कोणी काढून घेतला नाही. पण त्या हक्काच्या आधी एक पायरी बांधली गेली.

आता आपण विचाराल, ही पायरी आमच्या गावात आहे का? प्रश्न रास्त आहे. हा अधिनियम राज्याच्या प्रत्येक खेड्याला आपोआप लागू होत नाही. अनुसूचीत दिलेल्या आणि शासनाने ठरवलेल्या क्षेत्रांनाच तो लागू आहे. जेथे तो नाही, तेथे घराच्या भाड्याला १८८२ चा जुनाच कायदा लागू पडतो. म्हणजे मुंबई-पुण्याच्या भाडेकरूला जे कायद्याने मिळाले, ते आडगावच्या शाळामास्तरला अजून सौजन्यावरच मिळवावे लागते. पण त्याला एक वाट मोकळी आहे. त्या १०८ व्या कलमाच्या आरंभीच म्हटले आहे, की वेगळा करार किंवा स्थानिक वहिवाट नसेल तर हे नियम लागू. म्हणजे उभय पक्षांनी करारात लिहिले, की 'मालकाने पाहणीपूर्वी एक दिवस आधी कळवावे', तर तो करार चालतो. कायद्याने न दिलेली पायरी आपण आपल्या हाताने बांधू शकतो.

अलीकडच्या काळात दोन गोष्टी घडल्या. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय दिला. तो मुख्यतः नागरिक आणि सरकार यांच्यातला असला, तरी घराच्या चार भिंतींचे मोल त्याने सर्वांच्या ध्यानी आणून दिले. आणि २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना मंजूर करून राज्यांकडे पाठवला. त्यात मालकाने आत येण्याच्या किमान २४ तास आधी, लेखी किंवा मोबाईलसारख्या साधनाने कळवावे, आणि येण्याचे कारण, दिवस व वेळ सांगावी असे आहे. आग, पूर, भूकंप अशा आकस्मिक प्रसंगी अर्थातच ही अट नाही. हा नमुना आहे. एखाद्या राज्याने तसा कायदा केला, तरच तो तेथे बंधनकारक होतो.

पण मित्रहो, येथे मला एक काळजी वाटते. आजकाल बहुतेक ठिकाणी अकरा महिन्यांचा करार करतात. एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे करावी लागते, ती टाळावी म्हणून अकरा महिन्यांची चाल पडली. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमाने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे असे सांगितले आणि ती जबाबदारी मालकावर टाकली. तरी अकराचा आकडा काही सुटला नाही. आणि अकरा महिन्यांनी जो करार नवा व्हायचा आहे, त्या करारातला भाडेकरू मालकाला नाराज करायला धजत नाही. म्हणजे १८८२ सालचा तो पंधरा दिवसांचा धाक वेगळ्या रूपाने परत आलाच की! कागदावर पूर्वसूचना आहे, पण ती मागण्याचे बळ पुन्हा कमी झाले आहे. एकटी राहणारी शिक्षिका किंवा परिचारिका असेल, तर हा धाक किती पटींनी वाढतो हे मी सांगायला नको.

म्हणून थोडे व्यवहाराचे बोलतो.

घरमालकांनी एवढे करावे. पाहणीला यायचे तर आदल्या दिवशी कळवावे. चार ओळींची चिठ्ठी पुरे, मोबाईलवरचा निरोपही पुरे. त्यात दिवस, वेळ, कारण आणि सोबत कोण येणार ते असावे. वेळ दिवसाची असावी आणि घरात माणूस असेल अशी असावी. दुसरी किल्ली जवळ असेल, तर ती आगीसाठी आणि फुटलेल्या नळासाठी आहे असे समजावे. नवा भाडेकरू घर पाहायला आणायचा असेल, तेव्हा तर जरूर विचारावे. कारण ज्याचा संसार मांडलेला आहे, त्याच्या देखत तो संसार परक्याला दाखवायचा असतो.

भाडेकरूंनीही आपले कर्तव्य विसरू नये. मालकाने रीतसर कळवले, तर नाही म्हणू नये. ती वेळ गैरसोयीची असेल, तर दुसरी सुचवावी. भिंतीला ओल आली, वाळवी लागली, तर आपण होऊन कळवावे आणि तेही लेखी. कारण सूचना ही दोन्हीकडून चालणारी गोष्ट आहे. मालकावर असलेली दुरुस्ती सूचना देऊनही त्याने वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरूने ती करून घेऊन खर्च भाड्यातून वळता करावा, अशी सोय १८८२ च्या कायद्यातही आहे. ज्याने कळवले नाही, त्याला ती कशी मिळणार?

आणि शिक्षकबंधूंना एक विनंती. नागरिकशास्त्राच्या तासाला आपण हक्क आणि कर्तव्ये शिकवतो. उदाहरणे मात्र दिल्लीची देतो. मुलांना विचारा, तुमच्या घरी भाडेकरू आहे का? त्याच्या खोलीत जाताना घरातली मोठी माणसे दार वाजवतात का? दहा मिनिटांत धडा रंगेल, आणि तो मुलांबरोबर घरी जाईल.

माझ्या घरमालकांची गोष्ट अर्धी राहिली. त्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो नाही. दोन दिवसांनी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि पत्नी जे म्हणाली ते त्यांना जसेच्या तसे सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी मुलगीही भाड्यानंच राहते, सर." आणखी काही बोलले नाहीत.

पुढच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांचा नातू दाराशी आला. हातात वहीचा फाडलेला कागद होता. त्यावर लिहिले होते: 'सर, उद्या सकाळी नऊ वाजता कौले चाळायला माणूस आणतो. सोयीचे आहे ना? नसल्यास कळवावे.'

घर त्यांचेच होते. पण त्या दिवसापासून आम्ही त्यात खऱ्या अर्थाने राहू लागलो. तो कागद पत्नीने पुष्कळ दिवस जपून ठेवला होता.